शिलाईखान्यातली ९६.४३ टक्के बचत

"आज बघच तू! आज मोठे साहेब सही करणार आणि शिलाईखाना कायमचा बंद!" आरशासमोर टाय बांधता बांधता दशांशने बायकोला सांगितलं.

दशांश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सैन्याच्या खर्चकपात आणि सुधारणा कक्षात तो तपासनीस होता. आता सैन्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तोफा आणि रणगाडे येणार. ते असतंच हो! पण तोफ डागणाऱ्याला सदरा लागतो, सदऱ्याला बटणं लागतात, बटणं ठेवायला कपाट लागतं आणि कपाटाची किल्ली सांभाळायला माणूस लागतो. सैन्याचा हा जो भलामोठा संसार, त्यात कुठे काय वाचवता येईल ते शोधायचं, आणि कुणी "आम्ही वाचवलं" म्हणून छाती पुढे काढली तर खरंच वाचलं का ते तपासायचं, हे त्याचं काम. कुठलाही आकडा तो दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरं गेल्याशिवाय सोडायचा नाही. म्हणून सगळं ऑफिस त्याला मागून दशांश म्हणायचं. पुढून साहेब.

"तीच पँट घातलीत?" बायकोने विचारलं.

"मग? काय झालंय तिला?"

"तिला काही नाही झालं. तुम्हाला झालंय. दोन वर्षांत चार इंच पोट झालंय."

"अगं, अकरा वर्षं वापरतोय ही पँट! बचत म्हणजे काय ते लोकांना माझ्याकडे बघून कळायला हवं."

"बरं," बायको म्हणाली. "बसताना जपून बसा म्हणजे झालं."

पण दशांश आज ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. आज तो जमिनीपासून चार बोटं वर चालत होता. कारणच तसं होतं!

डेपोच्या मागच्या बाजूला एक शिलाईखाना होता. गणवेश बाहेरून तयार यायचे, पण तयार कपडा कधी कुणाला नीट बसलाय? कुणाची बाही लोंबते, कुणाचं पोट मावत नाही, कुणाची शिवण पहिल्याच परेडला उसवते. ते सगळं नीट करून द्यायला तिथे तेरा बायका मशीनवर बसायच्या. कुणीही यावं, कपडा टाकावा, घेऊन जावं. हे दशांशच्या डोळ्यांत खुपलं. कोण आलं, का आलं, किती टाके घातले, कशाचा कशाला पत्ता नाही! दोन वर्षांपूर्वी त्याने एक फॉर्म काढला. फॉर्म शि-९. तीन प्रती, चार सह्या. साधं बटण लावायचं असलं तरी फॉर्म शि-९. "आता कळेल खरी गरज किती आहे ते," तो म्हणाला होता.

आणि कळलं! फॉर्म निघाला त्या महिन्यात कागदावर चारशे वीस कामं. सहा महिन्यांत साठ. आता तर महिन्याला जेमतेम पंधरा! म्हणजे काम घटलं किती? ९६.४३ टक्के! दशांशला आभाळ ठेंगणं झालं. लोकांना गरजच नव्हती, आयतं मिळतंय म्हणून शिवून घेत होते, असं त्याने अहवालात लिहिलं. गेल्या वर्षी त्याच आकड्यावर पाच जणींच्या जागा कमी झाल्या. दशांशला कौतुकपत्र मिळालं. ते त्याने फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलं, अगदी आल्यागेल्याच्या नाकासमोर. उरलेल्या आठ जणींना येत्या एक तारखेपासून घरी पाठवायचा प्रस्ताव आज अकराच्या बैठकीत यायचा होता. मोठ्या साहेबांची एक सही, की आठ जणी घरी आणि दशांशला बढती!

या सगळ्या काळात तो शिलाईखान्यात किती वेळा गेला होता म्हणाल? एकदाही नाही. कागद बोलत असताना पाय कशाला झिजवायचे, असं त्याचं म्हणणं.

बैठक डेपोतच होती. दशांश दहालाच सभागृहात पोचला. हेडक्लार्क आधीच येऊन बसला होता. बैठकीत जे जे घडतं ते सगळं लिहून काढणारा हा माणूस. चेहरा असा, की लग्नात बघा नाहीतर मयतीत, काही फरक नाही. दशांशला पडद्यावर आपले आकडे दाखवायचे होते, पण यंत्राची वायर टेबलाखाली गेलेली. शिपाई चहा आणायला गेलेला.

"थांबा साहेब, शिपाई येईल," हेडक्लार्क म्हणाला.

"एका वायरीसाठी माणूस कशाला? हीच तर आपली सवय मोडायची आहे!" असं म्हणून दशांश टेबलाखाली वाकला.

चर्रर्रर्र!

दशांश टेबलाखालीच थांबला. मागून गार वारा लागत होता आणि सभागृहाच्या खिडक्या तर बंद होत्या.

"साहेब, काहीतरी फाटल्याचा आवाज आला," हेडक्लार्क म्हणाला.

"पडदा असेल."

"पडदा तुमच्या समोर आहे. आवाज मागून आला."

दशांशने हात मागे नेऊन चाचपलं. पट्ट्यापासून उसवलेली शिवण थेट कोटाच्याही खाली पोचली होती. घर चौदा किलोमीटरवर. गाडी मोठ्या साहेबांना आणायला गेलेली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं.

"आता हो काय करू?"

"शिलाईखान्यात जा," हेडक्लार्क म्हणाला. "झाडांच्या पलीकडे, पत्र्याची लांब खोली. पाच मिनिटांचं काम."

"शिलाईखान्यात?" दशांशचा आवाज चिरकला. "मी?"

"मग राहू द्या. बैठकीत भिंतीला पाठ लावून बोला."

दुसरा इलाज नव्हता. दशांशने हाताला लागली ती फाईल उचलली आणि मागे धरली. ती नेमकी शिलाईखाना बंद करण्याचीच फाईल होती, हे त्याच्या बाहेर पडल्यावर लक्षात आलं. निदान जाडजूड होती! तिच्या आधाराने तो भिंतीला घासत, झाडाआड थांबत, खेकड्यासारखा आडवा आडवा निघाला. वाटेत जवानांची एक तुकडी कवायत करत आली. दशांशने पटकन झाडाला पाठ लावली. तुकडी गेली. तुकडी वळली. तुकडी दुसऱ्या बाजूने परत आली. दशांश झाडाभोवती फिरून उभा राहिला. असा तो त्या झाडाला तीन प्रदक्षिणा घालून कसाबसा पत्र्याच्या खोलीपाशी पोचला, आणि दारातच थबकला.

दारात रांग होती!

दहा-बारा माणसं. एक स्वयंपाकी फाटका अॅप्रन घेऊन, एक ड्रायव्हर ट्रकच्या सीटचं कव्हर काखेत मारून, एक सुटलेल्या पोटाचा अधिकारी गणवेशाचा सदरा हातात धरून, आणि सगळ्यांत शेवटी बँडमधला ढोलवाला, ज्याच्या लाल कोटाची बाही काखेत सुटून लोंबत होती. आत मशीनींचा नुसता खडखडाट चाललेला. दशांश गुपचूप ढोलवाल्याच्या मागे उभा राहिला. आणि काय सांगू, सवय माणसाला कुठेही सोडत नाही!

"फॉर्म कुठे भरायचा?" त्याने विचारलं.

सगळी रांग खो खो हसली.

"नवीन दिसताय साहेब," ढोलवाला म्हणाला. "इथे फॉर्मबिर्म कुणी भरत नाही."

"पण नियम आहे ना? शि-९?"

"आहे ना! तीन प्रती, चार सह्या. त्यातला एक सहीवाला आठवड्यातून एकदाच भेटतो. फॉर्म फिरून यायला अकरा दिवस. माझी बाही उसवली काल आणि कार्यक्रम आहे उद्या. मी काय अकरा दिवस एका हाताने ढोल वाजवू?"

"मग नोंद कशी होते?"

"नोंद कसली हो! मावशी तसंच करून देतात. सगळा डेपो तसाच येतो."

"सगळा?" दशांशने विचारलं. "म्हणजे रोज किती जण?"

"वीस-पंचवीस तरी. परेडच्या आधी तर विचारू नका."

दशांशने मनातल्या मनात गुणाकार केला. रोजचे बावीस धरले, महिन्याचे पंचवीस दिवस धरले. साडेपाचशे! चारशे वीसवरून काम साडेपाचशेवर गेलं होतं, आणि त्याने ते पंधरा म्हणून लिहिलं होतं. गुणाकार त्याने परत केला. उत्तर तेच आलं. काम कमी झालंच नव्हतं, कमी झाले होते त्याचे फॉर्म.

"एकदा भेटायला हवा तो शहाणा, ज्याने हा फॉर्म काढला," स्वयंपाकी पुढून म्हणाला. "ऑफिसात पंख्याखाली बसून काढला असेल!"

"खरंय. काय म्हणायचं हो अशा माणसाला?" ढोलवाला दशांशकडे वळला. "तुम्ही शिकलेले दिसता, तुम्हीच सांगा!"

सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली.

"मूर्ख," दशांश पुटपुटला.

"नुसता मूर्ख?" स्वयंपाक्याचं समाधान होईना.

"शतमूर्ख," दशांश म्हणाला. "अगदी पहिल्या नंबरचा."

"बघा! चांगली माणसंही तेच म्हणतात!" ढोलवाल्याने खूश होऊन त्याच्या पाठीत अशी थाप मारली की फाईल वीतभर खाली सरकली. दशांशने ती झटकन वर ओढली. आयुष्यात त्याच्या मताला इतका एकमुखी पाठिंबा कधी मिळाला नव्हता.

रांग मात्र भराभर सरकत होती. दशांशचा नंबर आला. समोर पन्नाशीच्या मावशी उभ्या होत्या. गळ्यात टेप, ओठांत चार टाचण्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून.

"काय उसवलंय?"

दशांशने फाईल बाजूला केली आणि वळून दाखवलं.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "त्या पडद्यामागे जा. पँट काढून द्या आणि हे कांबळं गुंडाळून घ्या."

कांबळं सैन्याचं होतं, म्हणजे काट्याकुट्यांचं विणलेलं असावं असं टोचत होतं. दशांश ते कमरेला गुंडाळून बाहेर आला. वर टाय, कोट, खाली कांबळं आणि मोजे. मावशींनी पँट हातात घेतली, उलटी केली, उसवलेली शिवण बोटांनी चाचपली आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"फॉर्म भरायचा की तसंच?"

"मावशी, अकराला बैठक आहे हो."

"म्हणून तर विचारते. फॉर्म माझ्याकडे आहेत, गठ्ठाच्या गठ्ठा कोरा पडलाय. नियम म्हणजे नियम. भरलात तर अकरा दिवस लागतील."

दशांशने खाली आपल्या मोज्यांकडे बघितलं.

"तसंच करा," तो हळूच म्हणाला.

"ऐकू नाही आलं. मशीनचा आवाज आहे ना."

"तसंच करा, मावशी! तसंच करा!" दशांश ओरडलाच.

नेमक्या तेवढ्यात सगळ्या मशीनी थांबल्या होत्या. मशीनवरच्या सगळ्या जणींनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि मग एकदम खाली घालून परत पायडल मारायला सुरुवात केली. धरणी दुभंगली असती तर दशांश कांबळ्यासकट आत गेला असता.

त्याला एका स्टुलावर बसवलं. समोर ओळीने तेरा मशीनी होत्या. त्यातल्या पाचांवर कापडं टाकली होती. ती कापडं स्वच्छ होती, म्हणजे कुणीतरी रोज झटकत असणार. शेजारच्या मशीनवर एक चष्मेवाली बसली होती. तिच्या डाव्या हाताला एक ढीग, उजव्या हाताला दुसरा.

"दोन दोन ढीग?" दशांशने विचारलं. तोंड बंद ठेवणं त्याला जमतच नव्हतं.

"हा माझा," चष्मेवाली मान वर न करता म्हणाली. "आणि हा त्या बंद मशीनवालीचा. गेल्या वर्षी पाच जणींना काढलं ना. काम तेवढंच राहिलं. मग आम्हीच उरकतो, जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी थोडं थांबून."

"मग थांबल्याचे जादा पैसे मागायचे!"

"कसे मागणार? कामच कागदावर नाही, तर थांबणं कुठून येणार?"

"मग करता कशाला?" दशांश कळवळून म्हणाला. "नाही म्हणा! फॉर्म आणा म्हणून परत पाठवा!"

चष्मेवालीने पहिल्यांदा मान वर केली आणि त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या कांबळ्याकडे बघितलं.

"माणूस समोर असा येऊन उभा राहतो साहेब. त्याला काय परत पाठवायचं?"

लाज वाटणं म्हणजे काय ते आपल्याला पँट फाटल्यावर कळलं, असं दशांश समजत होता. ती काहीच नव्हती! खरी लाज आता वाटायला लागली, आणि तिला गुंडाळायला कांबळंही नव्हतं.

तेवढ्यात दारातून एक जवान धावत आला. मोठ्या साहेबांचा अर्दली! हातात मोठ्या साहेबांचा कोट.

"मावशी, मावशी! तिसरं बटण! साहेब गाडीत बसलेत नुसत्या सदऱ्यावर, अकराला बैठक आहे!"

हा अर्दली दशांशला चांगला ओळखत होता. दशांशने झटकन कांबळं डोक्यावरून ओढलं. वर झाकलं तर खाली उघडं पडलं. खाली ओढलं तर वर ओळख पटणार. शेवटी अब्रूपेक्षा नाव महत्त्वाचं मानून त्याने डोकं झाकलं आणि पाय पोटाशी घेतले.

"फॉर्म आणलाय का?" मावशींनी विचारलं.

"थट्टा नका करू हो!"

मावशींनी चार टाके मारले, दोरा दाताने तोडला आणि कोट परत केला. अर्दली दारापर्यंत गेला आणि वळला.

"ते स्टुलावर काय आहे?"

"तंबू," मावशी म्हणाल्या. "दुरुस्तीला आलाय."

अर्दली गेला. दशांश कांबळ्यातून हळूच बाहेर आला. पावणेअकराला मावशींनी पँट आणून दिली, वरून इस्त्री फिरवून. पडद्यामागे जाऊन त्याने ती चढवली. आता निघायला हवं होतं. पण पाय निघेना.

"मावशी, किती झाले?"

"काही नाही. इथे पैसे घेत नाहीत."

"खूप उपकार झाले."

"उपकार कसले," मावशी टेबलावरची फाईल उचलून त्याला देत म्हणाल्या, "ही विसरू नका. आमचीच आहे ना?"

फाईलवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, शिलाईखाना बंद करणे. दशांशच्या हातातून ती पडता पडता राहिली.

"तुम्ही मला ओळखता?"

"तुम्हाला नाही, तुमच्या सहीला ओळखते. त्या पाच जणींच्या कागदावर होती. खाली एक लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. इथे फाईलवरही तशीच आहे. तुम्ही वळून दाखवलंत तेव्हाच दिसली."

"मग तेव्हाच का नाही बोललात? चार शब्द सुनवायचे! मला बोलता आलं नसतं काही!"

"म्हणूनच," मावशी म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या अंगावर धड पँट नव्हती."

आणि त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

ठीक अकराला बैठक सुरू झाली. मधोमध मोठे साहेब, कोटाची सगळी बटणं लावून. शेजारी उपसंचालक. हे गृहस्थ म्हणजे दशांशचेही गुरू! सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी "पुरावा?" म्हणून विचारणारे. भोवती आणखी सहा अधिकारी. कोपऱ्यात हेडक्लार्क लिहायला सज्ज. दशांश उभा राहिला. पडद्यावर आकडा आला: ९६.४३. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"शाबास!" मोठे साहेब म्हणाले. "आणा तो कागद." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दशांशने कागद पुढे केला, पण सोडला नाही. मोठ्या साहेबांनी तो ओढला. दशांशने धरून ठेवला.

"सोडा की!"

"साहेब, आकडा चुकलाय," दशांश म्हणाला.

"किती? दशांशात?"

"नाही साहेब. सगळाच. काम कमी झालेलं नाही, वाढलंय. लोक फॉर्मला कंटाळून फॉर्मशिवाय जातात. फॉर्म कमी झाले, मी ते काम म्हणून मोजलं. गेल्या वर्षीची बचतसुद्धा खोटी होती. त्या पाच जणींचं काम बाकीच्या आठ जणी सुट्टीत फुकट करतायत. चूक माझी आहे. सगळी माझी."

एवढं त्याने एका दमात सांगून टाकलं. टाळ्या वाजवणारे हात टेबलाखाली गेले.

"पुरावा?" उपसंचालक म्हणाले.

"मी स्वतः बघून आलो."

"बघून आलो म्हणजे काय? तोंडी सांगितलेलं चालत नाही, हे तुम्हीच आम्हाला दर बैठकीत सांगता. नोंदवहीत पंधरा कामं आहेत. सोळावं झालं असेल तर दाखवा. नाहीतर साहेबांना सही करू द्या."

आता आली का पंचाईत! ढोलवाल्याला बोलवावं तर बिचारा नियम मोडल्याबद्दल अडकेल. मावशींना बोलवावं तर बंद व्हायच्या आधीच त्यांच्यावर कारवाई. दशांशची नजर फिरत फिरत मोठ्या साहेबांच्या कोटावर आली. तिसरं बटण! अगदी ताजं! त्याने तोंड उघडलं. मोठ्या साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं. तेवढी छाती त्याची नव्हती हो, उगाच कशाला खोटं सांगा!

म्हणजे पुरावा उरला एकच.

"बरं, मग करू सही?" मोठ्या साहेबांनी पेन टेकवलं.

दशांशला त्या पाच झाकलेल्या मशीनी दिसल्या. एक तारखेपासून तेराही तशाच झाकल्या जाणार होत्या. त्याने डोळे घट्ट मिटले, कोट वर उचलला आणि सगळ्या समितीकडे पाठ केली.

"हा घ्या पुरावा," तो भिंतीला म्हणाला.

करड्या पँटीवर, पट्ट्यापासून खालपर्यंत, हिरव्यागार दोऱ्याची टीप लखलखत होती. असला हिरवा दोरा सैन्याशिवाय कुणाकडे नसतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उपसंचालक चष्मा पुसत जवळ येत होते. त्यांचा श्वास दशांशला जाणवण्याइतके ते जवळ आले.

"दोरा सरकारी आहे," त्यांनी जाहीर केलं. "टीप ताजी. कधीची?"

"आज सकाळची. साडेदहाची."

"फॉर्म भरला होता?" हा आवाज मोठ्या साहेबांचा.

"नाही साहेब."

"का? फॉर्म तर तुमचाच ना?"

"अकरा दिवस पँटीशिवाय बसता आलं नसतं, साहेब. मीच म्हणालो, तसंच करा. त्यांनी फॉर्म विचारला होता. दोनदा."

मग मात्र हशाचा असा स्फोट झाला की बाहेरची कवायत थांबली. सहाही अधिकारी टेबलावर डोकं टेकून हसत होते. दशांश भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला. त्याचे कान तापून लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. बरं, ते कुणाला दिसत नव्हतं, एवढंच काय ते नशीब.

हसले नाहीत फक्त मोठे साहेब. ते आपल्या तिसऱ्या बटणाशी चाळा करत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"प्रस्ताव परत," ते म्हणाले. "फॉर्म शि-९ आजपासून रद्द. एक साधी वही ठेवा, नाव आणि काम, बास. त्या पाच जणींना परत बोलावण्याचं टिपण उद्या माझ्या टेबलावर हवं. तुम्हीच लिहायचं."

"हो साहेब."

"आणि ते कौतुकपत्र."

"उद्या आणून देतो साहेब."

"फ्रेम तुमची ठेवा," मोठे साहेब म्हणाले आणि उठले.

सगळे गेले. जाता जाता प्रत्येकाने दशांशच्या मागे एकदा डोकावून बघितलं. उरला तो आणि हेडक्लार्क. दशांश खुर्चीत बसणार होता, पण बसण्याचा धीर होईना. हेडक्लार्कने कागद पुढे केला.

"इतिवृत्त तयार आहे साहेब. सही करा."

दशांशने वाचलं. 'तपासनिसांनी समितीकडे पाठ करून पुरावा सादर केला. समितीने तो जवळून पाहिला व एकमताने मान्य केला.'

"हे काढा हो!" तो काकुळतीला आला. "याच्या प्रती कुठे कुठे जातात?"

"एकोणीस डेपोंना. आणि मुख्यालयात."

"मग तर काढाच! अहो, माझी बायकापोरं आहेत!"

"काढतो की," हेडक्लार्क शांतपणे म्हणाला. "पण मग पुराव्याच्या जागी काय लिहू? मुख्यालय विचारणार, पुरावा नव्हता तर प्रस्ताव परत का गेला? आणि पुढच्या तिमाहीत तोच प्रस्ताव परत येणार. आठ जणींचा."

दशांशने कागद परत पुढे ओढला. बंद खिडकीतूनही मशीनींचा आवाज येत होता. जेवणाची सुट्टी झाली होती तरी येत होता.

त्याने सही केली. खाली लांब रेघ, रेघेखाली दोन टिंबं. कागद परत दिला आणि कोट खाली ओढून दाराकडे वळला.

"साहेब, एक मिनिट," हेडक्लार्क म्हणाला. "उपसंचालकसाहेब सांगून गेलेत, लांबच्या डेपोंना नुसतं लिहून कळायचं नाही. पुराव्याचा फोटो जोडायचाय."

"फोटो?"

"वीस प्रती. रंगीत. हिरवा दोरा दिसायला हवा ना."

दशांशने त्याच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं. दशांश मुकाट्याने भिंतीकडे वळला आणि कोट वर उचलला. हेडक्लार्कने मोबाईल समोर धरला, एक पाऊल मागे गेला, एक पाऊल पुढे आला.

"थोडं वाका साहेब. टीप नीट येत नाहीये."

दशांशने दाराकडे एकदा बघून घेतलं, टेबलाची कड घट्ट धरली आणि वाकला.